नवलाई घरी नव्हती

साडी कपाटातून निघाली तेव्हा गोजरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. धाकटी सून अश्विनी हिच्या मावसबहिणीचं लग्न गावातच, काष्टीत, होतं आणि आहेराला काहीतरी हवं होतं. हिरवी, जरीच्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली ती साडी घेऊन अश्विनी बाहेर आली.

"आत्या, ही देऊ का आहेरात? दुकानात जायचं वाचंल."

गोजरबाईंनी लसणाचे हात पदराला पुसले, साडी तिच्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"ही देवीची हाय."

बाजेवर पडलेले रखमाजी, गोजरबाईंचे मालक, उठून बसले.

"कुठल्या देवीची? त्या कोकनातल्या? तिनं काय केलं आपलं? नवस फळला न्हाई तर फेडायचा कशाचा?"

"फेडायचा न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "इच्यारायचंय तिला."

"काय इच्यारायचंय?"

"ते तिला सांगीन. तुमाला कशाला सांगू."

गोजरबाईंचा थोरला मुलगा भागवत कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता. माडवेळ नावाचं समुद्रकाठचं गाव. नगर जिल्ह्यातली पुष्कळ पोरं अशी मास्तर होऊन कोकणात जातात, चार-पाच वर्षं काढतात आणि बदली करून घराकडे येतात. भागवत आला नाही. नोकरी लागली तेव्हापासून तो तिकडेच होता. लग्न झाल्यावर बायकोला, शुभांगीलाही, तिकडेच घेऊन गेला. दिवाळीला आणि मे महिन्यात दोघं यायची. भागवत ओट्यावर बसून नवलाईच्या गोष्टी सांगायचा. नवलाई ही माडवेळची ग्रामदेवी. ती कुणाला रिकामं पाठवत नाही, असं तो म्हणायचा.

मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली, ती लिव्हरपर्यंत गेली, आणि त्याला पुण्याच्या एका दवाखान्यात आणलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये बसून गोजरबाईंनी न पाहिलेल्या त्या देवीला हात जोडले. माझं पोरगं उठून बसू दे, मी तुझ्या दारात साडीचोळी घेऊन येते. दुसऱ्या दिवशी भीमराजला, धाकट्या मुलाला, दुकानात पाठवून त्यांनी साडी आणवलीसुद्धा. देवीला शब्द दिला तर वस्तू हाताशी असावी, असं त्यांना वाटलं.

भागवत उठला नाही. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. शुभांगीला मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली नाही, सासरीच राहिली आणि श्रीगोंद्याच्या एका पतसंस्थेत नोकरीला लागली.

संध्याकाळी भीमराज शेतातून आला. ऊसतोड चालू होती, टोळी त्याच्याच फडात होती, आणि तो दमलेला होता. आईचं ऐकून त्यानं मान हलवली.

"मे महिन्यात गाडी करून नेतो तुला. आता न्हाई जमायचं."

"मागल्या वरशी बी मे महिनाच म्हणला हुतास."

"आई, तुझा गुडघा बघ. तिकडं सगळे चढउतार. पायऱ्या."

"गुडघा माझा हाय," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शुभांगीकडे पाहिलं. "तुला रस्ता ठावं हाय. तू चल."

शुभांगी ताटं उचलत होती. ती थांबली नाही. "आत्या, मला नका सांगू. मी त्या गावात पाय ठेवणार नाही," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगी नेहमीप्रमाणे डबा आणि पर्स घेऊन श्रीगोंद्याच्या गाडीसाठी निघाली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, दौंडकडे जाणाऱ्या जीप थांबतात तिथं, गोजरबाई उभ्या होत्या. काखेत बोचकं. पायात भीमराजचे जुने बूट, कारण त्यात गुडघा कमी दुखतो असं त्यांचं मत होतं.

शुभांगी रस्ता ओलांडून गेली.

"कुठं निघालात?"

"दौंडला. तिथनं रेल्वेनं पुन्याला. तिथनं म्होरं इच्यारीत जाईन."

"तुम्हाला बसची पाटी वाचता येत नाही."

"तोंड हाय ना."

"घरी सांगितलंय?"

"सांगून कुनी सोडलं असतं?"

जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गोजरबाईंनी बोचकं आत टाकलं आणि दाराचा दांडा धरून एक पाय वर ठेवला. दुसरा उचलेना. शुभांगीनं मागून आधार दिला. तो आधार देताना तिला कळलं की ही बाई परत फिरणार नाही. पुण्याच्या स्टँडवर कुणीतरी चुकीच्या गाडीत बसवून देईल आणि ही तिथंही हट्टानं विचारत बसेल. ती आत चढली. जीप सुरू झाल्यावर तिनं पतसंस्थेत फोन करून रजा सांगितली, मग भीमराजला फोन लावला. त्याचा आवाज बाजूच्या माणसांनाही ऐकू येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, मी आहे सोबत. ठेवते."

पुढचा सगळा दिवस प्रवासात गेला. शुभांगीचा ऑफिसचा डबा दोघींनी दौंड स्टेशनवर वाटून खाल्ला. स्वारगेटला चिपळूणची गाडी मिळाली. कराडकडे उसाचे फड दिसत होते तोवर गोजरबाई बाहेर बघून कुणाचा ऊस कसा आहे ते सांगत होत्या. पाटण गेलं, डोंगर सुरू झाले आणि त्या गप्प झाल्या. कुंभार्ली घाटात गाडी वळणावळणांनी खाली उतरू लागली तेव्हा त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"एवढं लांब," त्या म्हणाल्या. "दरवेळी एवढं लांब जायचा त्यो."

शुभांगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्या, मी देवळापर्यंत येईन. देऊळ खाडीच्या अलीकडं आहे. आमची खोली पलीकडच्या वाडीत होती. तिकडं मी येणार नाही. हे आधीच सांगते."

"नको येऊ. मला देवळातच काम हाय."

रात्री चिपळूणला स्टँडजवळच्या लॉजवर राहून सकाळी त्या माडवेळच्या गाडीत बसल्या. गाडीत रंग लागलेली पोरं होती, कुणाच्या मांडीवर ढोल होता. मुंबईहून चाकरमानी आले होते. होळी होऊन गेली होती, पण इकडचा शिमगा अजून संपला नव्हता. शुभांगीला हे ठाऊक होतं. तिनं त्याचा पुढे विचार केला नव्हता, एवढंच.

नवलाईचं देऊळ गावाच्या टोकाला, समुद्राच्या अगदी वर होतं. गोजरबाईंनी आजवर पाहिलेली जुनी देवळं काळ्या दगडाची, आत शिरताच गार अंधार असणारी. हे वेगळंच होतं. तांबड्या चिऱ्याचं उंच जोतं, वर घरासारखं उतरतं कौलारू छप्पर, मोकळा सभामंडप. मंडपाचे खांब लाकडाचे होते, हात लावून लावून काळे आणि गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्यावर वेली, मोर, घोडेस्वार कोरलेले. दारात दगडी दीपमाळ होती. समोर उघडा समुद्र. गोजरबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्या कडंला झोप कशी येती मानसाला?"

"सवय होते," शुभांगी म्हणाली.

त्यांनी बूट काढले, पायऱ्या एकेक करून चढल्या आणि गाभाऱ्याच्या बुटक्या दारापाशी वाकल्या. आत समई होती, पाषाणाची मूर्ती होती, पण फुलं कालची होती. देवळात माणूस नव्हतं. मागच्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ बादली घेऊन आले. धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. ते देवळाचे गुरव, दत्ताराम.

त्यांनी शुभांगीला लगेच ओळखलं. बादली खाली ठेवली.

"मास्तरीणबाई."

शुभांगीनं नमस्कार केला. गोजरबाईच पुढं झाल्या. "मी मास्तरची आई. देवीम्होरं एक बोलायचं हुतं. साडी बी आनली हाय."

दत्ताराम गुरवांनी हात जोडले. मग ते अडखळत म्हणाले, "आई, तुम्ही लांबून आलात. पण देवी घरात नाय."

"म्हंजे?"

"शिमगा ना. देवीला रूपं लागली, चांदीचा मुखवटा चढला, की ती पालखीत बसून गावात फिरते. घरोघर जाते. मूर्ती इथं आहे, पण या दिवसांत गाऱ्हाणं सांगायचं ते पालखीपुढं. इथं सांगून उपयोग नाय. परवा ती परत येईल. तोवर राहा माझ्याकडं."

गोजरबाई ऐकत राहिल्या. मग विचारलं, "जुनं देऊळ हाय न्हवं हे?"

"लई जुनं. आमच्या किती पिढ्या झाल्या ते मोजता येत नाय. एकदा समुद्रातनं लुटारू आले तेव्हा आमच्या पूर्वजांनी मूर्ती विहिरीत ठेवली होती, असं सांगतात. ते गेल्यावर वर काढली."

"म्हंजे ती हिरीत उतरती, वर येती, आपल्या मानसांच्या घरोघर जाती." गोजरबाईंनी बोचकं पुन्हा काखेत मारलं. "मग माझ्या पोराच्या टायमाला पुन्यापर्यंत का आली न्हाई? आता कुठं हाय ती?"

गुरवांनी शुभांगीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज खाडीपलीकडं. भंडारवाडीत."

शुभांगीनं डोळे मिटून घेतले. तिची खोली भंडारवाडीतच होती.

"आत्या, परवापर्यंत थांबू. गुरवकाका म्हणतात ना."

"परवा भीमराज गाडी घेऊन येईल आन मला उचलून नेईल. मला आजच जायचं."

गुरव पुढे, त्यांच्या मागे गोजरबाई, आणि बऱ्याच अंतरानं शुभांगी. धक्क्यापर्यंतची पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, उतरणीची होती. दर थोड्या पायऱ्यांनी गोजरबाई कडेच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, हात टेकून उभ्या राहत आणि श्वास घेऊन पुन्हा निघत. पलीकडून ढोलाचा आवाज यायला लागला होता. तो ऐकून त्या जास्तच भराभर उतरायला लागल्या.

धक्क्यावर होडी लागलेली होती. होडीवाल्यानं वल्ही हातात घेतली. गोजरबाईंनी पाण्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थबकल्या. त्यांच्या आयुष्यात पाणी म्हणजे विहीर, पाट आणि भीमा नदी. हे पाणी हलत होतं, वर-खाली होत होतं.

"आत्या, नका जाऊ," मागून शुभांगी म्हणाली. "तुम्हाला पोहता येत नाही. गुडघा असा. आणि जाऊन काय विचारणार आहात? देवी काय बोलणार आहे?"

गोजरबाई तिच्याकडे वळल्या. "इच्यारनार हाय, का ठिवून घेतलंस माझ्या लेकाला हितं. येळेत बदली झाली असती, घराकडं असता, तर पहिल्या दिवशीच दवाखान्यात नेला असता. हितनं पुन्याला न्यायला एवढा घाट. हिनं त्याला सोडला न्हाई, आन सोडला न्हाई तर सांभाळायचा तरी हुता."

हे वाक्य शुभांगीनं तीन वर्षांत पुष्कळदा ऐकलं होतं. शेजारणींसमोर, पाहुण्यांसमोर, भाकरी थापताना. दर वेळी ती खाली मान घालून ऐकत आली होती. आज तिला ते ऐकवेना.

"देवीनं नाही ठेवलं त्यांना," ती म्हणाली. "कुणीच नाही ठेवलं. त्यांना यायचंच नव्हतं."

गुरव आणि होडीवाला दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

"बदली मागायची वेळ दर वर्षी यायची. त्यांनी एकदाही मागितली नाही. मी म्हणायचे, आई वाट बघतात. ते म्हणायचे, बघू पुढच्या वर्षी. त्यांना इथं आवडायचं, आत्या. ही शाळा, ही पोरं, संध्याकाळी या धक्क्यावर बसणं. मला सांगायचे, काष्टीला गेलो की मला इथली आठवण येते. तुम्हाला कसं सांगू म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बदलीला बोल लावायच्यात, कधी मला लावायच्यात, आणि मी ऐकून घ्यायचे."

गोजरबाई धक्क्यावर तशाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू थकल्यासारखा झाला.

"खरं सांगतीस?"

"तुमच्याशी खोटं कशाला बोलू."

गोजरबाईंनी मान हलवली. मग बोचकं छातीशी धरलं आणि होडीवाल्याकडे हात केला. "धर रं बाबा. हळू धर."

"आत्या, आता तरी कशाला?"

"आता तर जायलाच पायजे. मला वाटत हुतं मला समदं म्हाईत हाय. मला काईच म्हाईत न्हवतं."

होडीवाल्यानं एक हात धरला, गुरवांनी दुसरा. त्या होडीत उतरल्या तेव्हा होडी एका बाजूला कलली आणि त्या मटकन फळीवर बसल्या. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलताहेत. गुरवही मागोमाग चढले आणि होडीवाल्यानं दोर सोडला. होडी हातभर लांब गेली तेव्हा शुभांगीला ते बघवलं नाही.

"थांबा," ती म्हणाली.

होडी परत लागली. ती उतरली, सासूशेजारी बसली आणि तिनं त्यांचा दंड धरला. पलीकडचा काठ येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

भंडारवाडीत पालखी विजयमालावहिनींच्या अंगणात होती. या विजयमालावहिनी म्हणजे भागवतच्या घरमालकीण. मागची दोन खोल्यांची जागा त्यांनीच त्याला दिली होती. अंगण शेणानं सारवलेलं होतं, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं, आणि मधोमध चौघं भोई खांद्यावर पालखी घेऊन उभे होते. पालखीत हिरव्या लुगड्यात, अबोलीच्या वळेसरांत, म्हणजे गजऱ्यांत, देवीचा चांदीचा मुखवटा. पोरं, म्हातारी माणसं, सगळी वाडी जमली होती. मानकरी, शेला बांधलेले साठीचे गृहस्थ, गाऱ्हाणं संपवत होते. "या घरादाराची रखवाली कर, समुद्रावर गेलेल्याला घरी आण," आणि त्यावर सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा."

कुणीतरी शुभांगीला पाहिलं. कुजबूज झाली. विजयमालावहिनी पालखीपुढून उठून थेट तिच्याकडे आल्या आणि काही न बोलता त्यांनी तिला जवळ घेतलं. त्या घराकडे, मागच्या खोल्यांच्या दाराकडे, शुभांगीनं अजून पाहिलं नव्हतं.

दत्ताराम गुरव मानकऱ्यांच्या कानाशी लागले. मानकऱ्यांनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आज पालखी वाडीची आहे. बाहेरच्यांनी देवळात सांगायचं असतं. शिवाय न फळलेल्या नवसाचं गाऱ्हाणं कुणी घालतं का? मी ते कसं सांगू?"

"तुमी सांगू नगा," गोजरबाई म्हणाल्या. "माझं मी सांगते." आणि त्या चालत पालखीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बोचकं त्यांनी पायाशी ठेवलं. कुणी त्यांना अडवलं नाही. भोई थांबले. ढोलवाल्यानं टिपरी खाली घेतली.

"नवलाई," त्या म्हणाल्या, "मी काष्टीची गोजरबाई. भागवत मास्तरची आई."

त्यांनी पदर सावरला.

"तुला साडी कबूल केली हुती, पोरगं उठून बसलं तर. त्ये उठलं न्हाई."

मागून कुणीतरी म्हातारा सवयीनं म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि लगेच गप्प झाला.

"मी तुला लई बोलले. तीन वरसं चुलीम्होरं बसून बोलले. म्हनलं, हिनं माझ्या लेकाला आपल्या गावात अडकवून ठिवला आन येळ आल्यावर हात झटकले. आज माझ्या सुनंनं मला सांगितलं, त्यो अडकला न्हवता. त्याला हितंच ऱ्हायचं हुतं. ही खाडी, ही पोरं, समदं त्याला आपलं वाटत हुतं. त्यो हितं सुखात हुता. आईला म्हाईत पायजे हुतं, पर न्हवतं."

"व्हय म्हाराजा," आता तीन-चार जण म्हणाले. त्यात एका मुलीचा आवाज होता. ती भागवतच्याच वर्गात शिकलेली असावी, कारण तिचे डोळे भरून आले होते.

"तरी बी इच्यारते. एवढा तुझा झाला हुता, तर त्याला वाचवला का न्हाईस?"

यावर कुणी व्हय म्हाराजा म्हणालं नाही. भोयांच्या खांद्यांवर दांडी रुतत होती, पण त्यांनी खांदा बदलला नाही. मुखवट्यावर ऊन पडलं होतं. गोजरबाई त्याच्याकडे सरळ बघत उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या, जसं माणसाच्या उत्तराची पाहतात तसं. शुभांगी पुढे सरकली आणि त्यांच्या मागे उभी राहिली.

"नसंल बोलायचं तर नको बोलू," शेवटी गोजरबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं हे आता वागवत न्हाई. मी इच्यारलं. आता हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

दत्ताराम गुरव मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग मानकरी म्हणाले. मग सगळं अंगण.

गोजरबाईंनी वाकून बोचकं सोडलं. साडी, खण, आणि काष्टीहून आणलेले गहू ओटीसाठी. "ही नवसाची न्हाई," त्या पालखीला म्हणाल्या. "नवस तुझा बी ऱ्हायला, माझा बी. लेकाच्या गावाला पहिल्यांदा आले, रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हून आनली." आणि त्या शुभांगीकडे वळल्या. "भर ओटी."

शुभांगीनं हात मागे घेतले. "आत्या, मी कशी भरू? तुम्ही भरा."

बायकांतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "सवाष्णीनं भरायची असते गो." मानकरीही चुळबुळले.

"मी न्हाई भरनार," गोजरबाई म्हणाल्या. "मी ह्या गावात आजच आले. संसार हिनं केला हितं. देवीला वळख हिची हाय."

कुणी काही बोलायच्या आत विजयमालावहिनी पुढे आल्या. "पालखी माझ्या अंगणात आहे," त्या मानकऱ्यांना म्हणाल्या. "इथली ओटी कोण भरणार ते मी सांगते. ही माझ्या घरात राहिलेली आहे. दर शिमग्याला या अंगणात हिनं ओटी भरली. आज पण भरेल." आणि शुभांगीच्या हातात नारळ देत म्हणाल्या, "भर गो. भोयांचे खांदे दुखताहेत."

मानकऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि भोयांना खूण केली. पालखी खाली आली. शुभांगीनं साडीवर खण ठेवला, खणावर नारळ, ओंजळीनं गहू घातले. थोडे गहू अंगणात सांडले. ओटी देवीपुढे ठेवून ती उठली तेव्हा पहिल्यांदा तिनं मागच्या खोल्यांच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत कुणा चाकरमान्यांच्या बॅगा ठेवलेल्या होत्या. ती बघत राहिली. ते दार होतं, बाकी काही नव्हतं, आणि तिला वाटलं होतं तसं तिचं काही कोसळलं नाही.

ढोल पुन्हा वाजला. पालखी नाचत पुढच्या घराकडे गेली आणि तिच्यामागे सगळी वाडी.

संध्याकाळी गोजरबाई विजयमालावहिनींच्या पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या. वहिनींनी गुडघ्याला तेल लावून दिलं होतं. जेवायला भात आणि माशाची आमटी होती. गोजरबाईंनी भाताकडे पाहून विचारलं, "भागवत भात खायचा? घरी तर ताटात वाढला की तोंड वाकडं करायचा."

"दोन वेळ खायचा," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी रोज भाकरी मागायचा. मग मासे खायला शिकला. पुढं तर बाजारात माझ्याआधी जायचा आणि मासेवालीशी भांडायचा."

"भांडायचा? आमचा भागवत?"

"पैशासाठी नाय. मासा शिळा आहे म्हणून. माशाचे कल्ले उघडून दाखवायचा तिला."

गोजरबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा विचारलं, "आनखी सांगा." वहिनी सांगत राहिल्या, मध्ये मध्ये शुभांगीही सांगायला लागली. भागवत पावसात होडीत बसून शाळेत कसा जायचा, एकदा होडी उलटली आणि त्याला मुलांनीच कसं बाहेर काढलं, हे तिनं आजवर घरी कधी सांगितलं नव्हतं. गोजरबाई ऐकत होत्या आणि भात कालवत होत्या.

जेवणं झाल्यावर रखमाजींचा फोन आला. शुभांगीनं तो सासूच्या कानाला लावला.

"पोचलीस?" पलीकडून रखमाजी म्हणाले. आवाजात राग होता, पण फार नव्हता. "गुडघा?"

"दुखतोय."

"देवी भेटली?"

"भेटली. घरी न्हवती, पर गाठली तिला."

"मग? बोलली काय?"

"न्हाई."

"मग एवढं जाऊन काय मिळवलंस?"

"अवो, पोरगं कुठं ऱ्हात हुतं ते बघितलं. कुठल्या पायरीवर बसायचं, काय खायाचं, समदं बघितलं. मासे खायाचं. तुमाला ठाव हुतं?"

"मासे?"

"व्हय. आमी परवापर्यंत ऱ्हानार हाय. देवी देवळात परत येती परवा. ती घरात आल्याली बघून मग निघू. भीमराजला सांगा, गाडी घिऊन यायचं कारन न्हाई. आन फुडल्या शिमग्याला तुमी बी चला."

"मी कशाला?"

शुभांगीला वाटलं फोन कट झाला, म्हणून तिनं स्क्रीन बघितली. कट झाला नव्हता.

"होडीत बसावं लागतं का?" बऱ्याच वेळानं रखमाजींनी विचारलं.

"लागतं. मी बसले."

"आन बस थेट हाय का दौंडवरनं?"

"ते मला काय म्हाईत," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन शुभांगीच्या हातात दिला. "घे. तुला रस्ता ठावं हाय. नीट सांग त्यांना."